शेंदरातला डबा

पौडला मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो, त्या गृहस्थांना सगळा गाव सुभेदार म्हणायचा. त्यांनी सबंध आयुष्यात बंदूक एकदाच धरली, तीही जत्रेत फुगे फोडायला. फुगा फुटला नाही. फुगेवाल्याचा कंदील फुटला. तेवढ्या कामगिरीवर हा माणूस स्वतःला सुभेदार म्हणवून घ्यायचा आणि म्हणवून घेताना इतका ताठ व्हायचा, की मागून कुणी धक्का दिला असता तर वासा पडावा तसा आडवा झाला असता.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी भरतीचे लोक पौडला आले, तेव्हा हे आणि यांचे थोरले भाऊ एकाच रांगेत उभे होते. थोरल्यांना घेतलं. धाकट्यांनी, म्हणजे आमच्या सुभेदारांनी, श्वास कोंडला, पोट आत घेतलं, सदऱ्यात उपरणं कोंबलं, तरी छाती दोन बोटं कमी भरली. फीतवाल्याला उपरण्याचं टोक दिसलं. त्यानं ते ओढायला सुरुवात केली आणि ते संपेचना. मी ऐकलं तेव्हा ते सात हात होतं. गावात अजून चार माणसांना विचारलं असतं, तर भरतीच्या तंबूपासून मुळा नदीच्या पात्रापर्यंत गेलं असतं.

थोरले आफ्रिकेत गेले, तिथून इटलीत गेले, आणि इटलीतच राहिले. घरी परत आला तो एक डबा.

मी कचेरीत कारकून म्हणून बदलून आलो, तोवर युद्ध संपून अकरा-बारा वर्षं झाली होती. सुभेदारांच्या घरात मात्र ते रोज सकाळी नव्यानं सुरू व्हायचं. पहाटे ते अंगणात उभे राहून तोंडानं बिगुल वाजवायचे. त्या आवाजानं आमच्या आळीतल्या कोंबड्यांनी आरवणं सोडून दिलं होतं. म्हशीला ते 'हाल्ट' म्हणायचे, की म्हैस चालू लागायची. डाव्या मनगटाकडे बघून ते वेळ सांगायचे. मनगटावर घड्याळ नव्हतं, केस होते. त्या केसांत बघून 'सव्वाधा झालं' म्हणायचे, आणि सव्वादहाची एसटी बाराला आली तरी चूक एसटीची. ऐन वैशाखात अंगावर ओव्हरकोट. तो त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता, हे त्यांच्याबरोबर बाजाराला गेलेल्या माणसानंच मला सांगितलं. पण कोटाला कसरीनं पाडलेलं प्रत्येक भोक ते बोट घालून दाखवायचे आणि कुठल्या लढाईतली गोळी कुठून शिरली ते सांगायचे. मी हिशेब केला. त्या कोटाच्या आत जो कोणी असेल तो अकरा वेळा मेलेला होता.

आता डब्याकडे येतो. भाडेकरू म्हणून माझ्यावर दोन अटी होत्या. पहिली, ओल्या पायानं ओसरीवर यायचं नाही. दुसरी, दर रविवारी डब्याचा इतिहास ऐकायचा.

डबा भिंतीतल्या देवळीत असायचा. मुळात तो पत्र्याचा, पानाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा, चारी बाजूंनी कथलाचा डाग देऊन बंद केलेला आणि वर लाखेची मोहोर. लढाईत गेलेल्या माणसाचं सामान असं बंद करून पलटणीतून घरी पाठवत. दुसरं कुणी असतं तर त्यानं संध्याकाळच्या आत तो फोडून आत काय आहे ते बघितलं असतं. सुभेदारांनी तो देवळीत ठेवला आणि खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांबरोबर त्याला शेंदूर फासला. पुढच्या वर्षी पुन्हा फासला. असे अकरा-बारा थर बसले. मी पाहिलं तेव्हा त्याला कोपरे राहिले नव्हते. देवळीत एक लहानसा म्हसोबा बसला आहे असं वाटायचं. डोंगरावरच्या वाडीतली एक बाई मोळी विकायला आली असताना त्याच्यापुढे हरवलेल्या शेळीसाठी नवस बोलून गेली, आणि शेळी सापडली. तेव्हापासून सुभेदारांची समजूत पक्की झाली.

"उघडला का नाही?" असं मी पहिल्याच रविवारी विचारलं.

"भाऊसाहेब, तुमी सरकारी मानूस आन असं इचारता?" ते म्हणाले. "सरकारची मोहोर हाय ती. फोडली तर सात वरसं आत. आन आता तर शेंदूर लागलाय. देव उघडून बगायचा आसतो व्हय?"

उघडला नव्हता, तरी आत काय आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. आधी जर्मन जनरलचं सोन्याचं घड्याळ होतं. मग घड्याळाच्या जोडीला त्याचं पिस्तूल आलं. माझ्या दुसऱ्या वर्षी बादशहाच्या सहीचं पत्र आलं, तिसऱ्या वर्षी इटलीच्या राणीनं आपल्या हातानं काढून दिलेला हिरा. मी बदलून गेलो नसतो, तर त्या वीतभर डब्यातला ऐवज हलवायला तीन बैलगाड्या लागल्या असत्या. ही यादी सांगताना ते पायातली चप्पल काढून ओसरीवर मधोमध ठेवायचे आणि म्हणायचे, ही इटली. टाचेचा खिळा जिथं वर आला होता तिथं बोट ठेवून, हितं आमचं थोरलं. गावातली शहाणीसुरती माणसं त्या चपलेभोवती उकिडवी बसून माना डोलवायची. मीही डोलवायचो. मला खोलीची गरज होती.

या घरात आणखी दोन माणसं होती आणि रविवारच्या इतिहासात त्यांना जागा नव्हती. एक थोरल्यांची बायको, म्हणजे सुभेदारांच्या वहिनी. दुसरी त्यांची मुलगी चंद्रा. सुभेदारांना बायको होती ती वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरातलं सगळं वहिनी करायच्या. भाताच्या लावणीपासून सुभेदारांच्या दाढीच्या पाण्यापर्यंत. पण डब्याला त्यांनी हात लावायचा नाही. नवरा गेलेल्या बाईनं हत्याराच्या पूजेला शिवायचं नसतं, असा सुभेदारांचा कायदा होता. ज्याचं सामान त्याच्याच बायकोला सोवळं दाखवणारा हा पुरुष त्याच बाईनं तापवलेल्या पाण्यानं रोज दाढी करायचा. तिथं मात्र विटाळ व्हायचा नाही.

चंद्रा सोळा वर्षांची होती. बाप लढाईवर गेल्यावर पाच महिन्यांनी जन्मली. चौथीपर्यंत शिकलेली, हातात सदा काहीतरी काम, तोंडात मोजके शब्द. एकदा दुपारी माझा चहा आणून ठेवला आणि जाता जाता दारात थांबली.

"भाऊसाहेब, माज्या बापाला मी ठाव व्हते का?"

मी म्हटलं, का गं, असं का विचारतेस. तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या आईला लिहिता येत नव्हतं. थोरल्यांना जाणारी पत्रं सुभेदार लिहायचे आणि येणारी सुभेदारच वाचून दाखवायचे. आई मजकूर सांगायची, सुभेदार मान हलवत लिहायचे. मुलगी झाल्यावर थोरल्यांची दोन पत्रं आली. दोन्हींत, सुभेदारांनी वाचून दाखवलं त्याप्रमाणे, खुशाली होती आणि बाकी काही नव्हतं. मुलीबद्दल एक अक्षर नाही. ती पत्रं पुढे घुशीनं नेली. आईनं दिराला विचारलं होतं. ते म्हणाले, लढाईतला मानूस पोरीबाळीचं लिहीत नसतो. त्या उत्तरावर त्या बाईनं चौदा वर्षं काढली, आणि ही पोर त्याच उत्तरावर वाढली.

"आता माजं लगीन ठरलंय," ती म्हणाली. "घोटावड्याला. जाताना त्येंचं काईतरी बरोबर न्यावं म्हंते मी. पर आदी कळाया पायजे, त्येंच्या मनात मी व्हते का न्हाई. नसंल तर न्हेऊन काय करू?"

तिनं हे सुभेदारांपुढे मांडलं होतं. सुभेदार म्हणाले, पोरगी म्हणजे परक्याचं धन, लढाईची वस्तू परक्याच्या घरी जात नसते. वस्तू वारसाकडे जाते. मग त्यांनी वारसाचा शोध काढला. बायकोच्या बहिणीचा मुलगा, कोळवणचा. या भाच्याला ते वर्षभर तयार करत होते. चपलेचा नकाशा, आफ्रिकेतल्या गावांची नावं, बादशहाचं पत्र, सगळं त्याच्याकडून पाठ करून घेत होते. भाचा आठवड्याला एकदा यायचा, जेवायचा, जेवताना आफ्रिका आणि इटली यांची अदलाबदल करायचा आणि मुक्कामी एसटीनं परत जायचा. सुभेदारांनी जाहीर केलं, की येत्या खंडेनवमीला सगळ्या गावासमोर डबा भाच्याच्या हवाली होईल. चंद्राचं लग्न मार्गशीर्षात होतं. म्हणजे दोन महिने आधीच डबा कोळवणला जाणार आणि तिचा प्रश्न डब्यात राहणार.

खंडेनवमीचा रिवाज आमच्या भागात असा, की त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार बाहेर काढायचं, घासूनपुसून लख्ख करायचं, मग पूजेला मांडायचं. विळे, कोयते, कुऱ्हाडी, पहार, नांगराचा फाळ. घासायचं काम बायकांचं, पुजायचं पुरुषांचं. गावातल्या गावात बोलावणं गेलं होतं म्हणून वीस-पंचवीस मंडळी ओसरीवर आली होती. सुभेदार ओव्हरकोटात होते आणि घामानं निथळत होते. भाचा नवी टोपी घालून पाटावर बसला होता. आणि सुभेदार देवळीकडे वळले, तर देवळी रिकामी.

डबा अंगणात होता. चंद्रा दगडावर बसली होती, शेजारी घासलेटची बाटली आणि विटकरीची पूड, आणि नारळाच्या काथ्यानं ती म्हसोबाला खसाखसा घासत होती. शेंदराची ढेकळं दगडावरून ओघळत होती. सगळं अंगण लालभडक झालं होतं.

 सुभेदारांच्या तोंडातून निघालेला आवाज बिगुलाच्या वरचा होता. देव बाटवला, मोहोर गेली, आता फौजदार येईल, घराला बेड्या पडतील.

"तात्या, आज हत्यारं घासायचा दिस हाय," चंद्रा मान वर न करता म्हणाली. "चौदा वरसं ह्येला कुनी घासलंच न्हाई. मग ही पूजा कशी व्हायची?"

रिवाज तिच्या बाजूचा होता. ओसरीवरचे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. एकानं तर बरोबर आहे पोरीचं असं पुटपुटून तंबाखू मळायला घेतली. तेवढ्यात पत्र्यावर ठोकून उमटवलेली इंग्रजी अक्षरं वर आली. इंग्रजी वाचणारा तिथं मी एकटा. वहिनी दाराच्या आडून पहिल्यांदा बाहेर आल्या आणि काय लिहिलंय म्हणून मला विचारलं. मी वाचलं. थोरल्यांचा नंबर होता, पलटण होती आणि खाली डबा कुणाला द्यायचा ते होतं. वहिनींचं नाव होतं. त्यांचं स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, गाव पौड.

"म्हंजी माजा हाय त्यो," वहिनी म्हणाल्या.

लाज वाटणाऱ्या माणसानं इथं मान खाली घातली असती. सुभेदारांनी ती वर केली. टपालवाल्यानं त्याच वेळी नाव वाचून दाखवलं होतं, हे त्यांनी कबूल केलं. कबूल करतानाही त्यांचा आवाज उपकार केल्यासारखा होता.

"बाईमानसाच्या नावानं लढाईचं सामान येत आसतं व्हय? सरकारची चूक व्हती ती. म्या शेंदूर लावून सुदरून घेतली."

अशा रीतीनं चौदा वर्षं हिंदुस्थान सरकारची चूक देवळीत दुरुस्त होत होती. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मला विचारलं, भाऊसाहेब, सरकार म्हणून सांगा, उघडला तर गुन्हा हाय का? कचेरीत माझं काम आवक-जावक बारनिशीचं. शिक्का मारण्यापलीकडे सरकारनं माझ्यावर कधी काही सोपवलं नव्हतं. पण त्या दिवशी मी घसा खाकरला आणि दिल्लीपासून पौडपर्यंत जेवढं म्हणून सरकार आहे तेवढ्याच्या वतीनं परवानगी दिली.

वहिनींनी पूजेच्या रांगेतला आपला विळा उचलला आणि झाकणाखाली घालून डाग तोडला.

सगळी ओसरी पुढे झुकली. आतून निघालं ते असं. एक वस्तरा. दाढीचा ब्रश. अर्धी झिजलेली साबणाची वडी. पायमोज्यांचा जोड, एकाला टाचेशी रफू. एक चमचा. पत्र्याच्या चौकटीचा तळहाताएवढा आरसा. आणि बुटाच्या नाडीनं बांधलेली सात पत्रं. हिरा नाही, पिस्तूल नाही, बादशहा नाही. भाच्यानं चमचा उलटासुलटा करून बघितला, सुभेदारांना नमस्कार केला आणि तीनची एसटी आहे म्हणून टोपी सावरत गेला. तो गेल्याचं सुभेदारांना बऱ्याच वेळानं कळलं.

"ही पत्रं आपली हायती," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडनं गेल्याली. वाचा, भाऊसाहेब. मी काय काय सांगितलं व्हतं ते मला ठाव हाय."

सुभेदार म्हणाले, जुनी पत्रं वाचू नयेत, अपशकुन असतो. कुणी ऐकलं नाही. मी हाताला येईल तसं एकेक वाचायला लागलो. तीर्थरूप दादांचे सेवेशी साष्टांग नमस्कार विनंती विशेष, इथवर छान होतं. पुढे, येताना मनगटी घड्याळ आणावे, साखळीचे नको. दुसऱ्या पत्रात बूट आणि पायाच्या मापाचा दोरा सोबत पाठवल्याचं. तिसऱ्यात दोन कांबळी आणि घड्याळाची आठवण. चौथ्यात इटलीत वस्तरे चांगले मिळतात असे ऐकतो. प्रत्येकाच्या शेवटी घरची मंडळी खुशाल, कळावे, लोभ असावा. प्रत्येक पत्रानंतर वहिनी म्हणायच्या, मी ह्यात सांगितलं व्हतं की दारातल्या आंब्याला पैल्यांदा मोहर आला. मी ह्यात सांगितलं व्हतं की माजी सासू तुमचं नाव घेत गेली. मी ह्यात सांगितलं व्हतं की रातीला झोप येत न्हाई. "हाय का त्यात?" मी म्हणायचो, नाही. सहा पत्रं झाली आणि सहा वेळा नाही झालं. ओसरीवर कुणी तंबाखू मळत नव्हतं.

सातवं पत्र उलगडलं आणि मी थांबलो. मधोमध एक लांबट चौकोनी भोक होतं. कडा अशा सरळ, की पट्टी लावून कापल्यासारख्या. भोकाच्या आधी नमस्कार होता. भोकानंतर लिहिलं होतं: असो. घड्याळाचे विसरू नये.

मी तसं सांगितलं. आणि जो माणूस आतापर्यंत खांबामागे सरकत सरकत गेला होता, तो त्या भोकातून पुन्हा बाहेर आला.

"कापलं," सुभेदार म्हणाले. "लढाईत सरकार पत्रं फोडून वाचायचं. मोठी बातमी आसली तर कापून टाकायचं, दुस्मनाला कळू नये म्हनून. बगा मंडळी, माज्या लिवन्यात कायतरी तसं आसनार. सरकारला कापावं लागलं." ते ओव्हरकोटाचं बटण लावू लागले. दोघाचौघांनी मानाही डोलवल्या. या माणसाला बुडवायला मुळशीचं सगळं धरण उपसून आणलं असतं, तरी हा वर तरंगून पाण्याचा जमाखर्च सांगत बसला असता.

चंद्रा तोवर आरसा पदरानं पुसत होती. काच पुसून झाली, तिनं तो उलटा केला. आरशाच्या पाठीवर कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. वरून मेण फिरवलेलं, हाताळून हाताळून पिवळं पडलेलं. रोज दाढी करताना आरसा ज्या हातात धरायचा, त्याच्या बोटांखाली येईल अशा जागी. तिनं ते एकेक अक्षर लावून स्वतःच वाचलं.

"वहिनी बाळंत होऊन मुलगी झाली."

तिनं माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि आरसा त्या भोकावर टेकवला. पट्टी आणि भोक एका मापाची होती. 'असो' बाहेर राहिलं होतं.

वहिनी खाली बसल्या. पुन्हा वाच, म्हणाल्या. तिनं पुन्हा वाचलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. ओसरीवरचा सगळ्यात म्हातारा माणूस उठून उगीचच अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

एवढ्यावर कुणीही गप्प बसला असता. पण सुभेदार पुढे आले, चष्मा नसलेले डोळे बारीक करून त्यांनी पट्टी बघितली आणि म्हणाले:

"अक्षर माजं हाय. म्हंजी तसं बगायला गेलं तर वस्तू माजीच हाय ती. म्या लिवलं नसतं तर त्येला कळलं असतं व्हय?"

चंद्रानं आरसा कमरेला खोचला.

"अक्षर तुमचं, तात्या," ती म्हणाली. "वस्तरा माज्या बापाचा."

  सुभेदार मनगटाकडे बघू लागले, मग कोटाच्या बटणांकडे, मग माझ्याकडे. मी बारनिशीवाल्या चेहऱ्यानं आढ्याकडे बघत राहिलो.

वहिनींनी डोळे पुसले. सातवं पत्र नीट घडी करून चोळीत ठेवलं. मग उरलेली सहा पुन्हा एकावर एक रचली, बुटाच्या नाडीनं घट्ट बांधली आणि उठून सुभेदारांच्या पुढ्यात धरली.

"ही सा तुमची, भावजी," त्या म्हणाल्या. "जपून ठिवा. भाच्याला द्या."